आधी भंगाराचं दुकान, मग डबे: एका महाविद्यालयातल्या सुक्या कचऱ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्याच्या परिसरातल्या एका कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, साल आणि काही बारीक तपशील गाळले आहेत. मी तेव्हा तिथल्या पर्यावरण समितीवर होते, त्यामुळे बैठकांमधली चर्चा आणि नंतरची उस्तवार दोन्ही जवळून पाहिल्या.

विद्यार्थी तीन हजारांच्या वर. सकाळी ज्युनियर, दुपारी सीनियर. एक कॅन्टीन, फाटकाबाहेर वडापाव-चहाच्या टपऱ्या, मुलींचं छोटं वसतिगृह आणि जुन्या झाडांचं मोठं आवार. झाडलोट करायला ठेकेदाराकडून बायका यायच्या. सगळं कॉलेज त्यांना मावशी म्हणायचं, पण त्यातल्या कुणालाही कधी बैठकीला बोलावलेलं नव्हतं. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी अशा संस्थांवर स्पष्ट जबाबदारी टाकली होती. ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारात कचरा जागच्या जागी वेगळा करायचा, ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, आणि पुन्हा वापरात येणारा सुका माल अधिकृत कचरावेचकांना किंवा अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांना द्यायचा. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनातही तेव्हा सातव्या निकषात कचऱ्याची विचारणा असायची. नॅकची भेट जवळ आली तसे कॉलेजने तीन-तीन डब्यांचे संच घेतले. प्रत्येक मजल्यावर कागद, प्लास्टिक आणि इतर असे तीन डबे, वर गोल फिरणाऱ्या बाणांचं चिन्ह. भेट पार पडली आणि डब्यांचे फोटो अहवालात गेले.

अडचण

पुढच्या शैक्षणिक वर्षात नेहमीच्या रद्दीवाल्याने डब्यांतला माल उचलायला नकार दिला. कार्यालयाची रद्दी तो आनंदाने नेत होता. मजल्यांवरच्या पिशव्या उघडून पाहिल्यावर मात्र म्हणाला, "यात हात घालायला माझी माणसं तयार होत नाहीत."

समितीतल्या बहुतेकांचा पहिला अंदाज असा होता की मुलांना कळत नाही, जनजागृती कमी पडतेय, पोस्टर लावू या. सुदैवाने पोस्टरआधी कचरा उघडून पाहायचं ठरलं. मैदानाच्या कडेला ताडपत्री अंथरली, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी हातमोजे चढवले आणि दिवसभराचा कचरा ओतला. जवळच्या वस्तीतल्या दोन अनुभवी कचरावेचक ताईंना मानधन देऊन बोलावलं होतं. पुण्यात हे सुचणं अवघड नव्हतं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना इथे १९९३ मध्ये उभी राहिली, आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. या शहरात कचरा सर्वांत जास्त कुणाला कळतो, हे माहीत असायला हवं.

ताडपत्रीवर जे दिसलं ते असं. 'प्लास्टिक'च्या डब्यात अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटल्या, चिप्सची पाकिटं, आणि त्यावर उलटलेला उपमा. 'कागद'च्या डब्यात कोरे झेरॉक्सचे कागद, पण सगळे चहाने भिजलेले, कारण शेजारी चहाचे कागदी कप टाकलेले. वडापाव बांधलेलं तेलकट वर्तमानपत्रही त्यातच. आणि 'इतर'मध्ये उत्तम कोरडा पुठ्ठा, कारण पुठ्ठा म्हणजे कागद की आणखी काही, हे ठरवत थांबायला तास सुटल्यावर कुणाला वेळ असतो?

ताईंनी तो ढीग झपाट्याने उपसला. प्लास्टिकचा तुकडा चुरगळून, त्याचा आवाज ऐकून आणि ताण देऊन त्या सांगत होत्या की हे कडक, ही दुधाची पिशवी, हे कुणी घेणार नाही. मुलं बाटलीच्या तळाचा, प्लास्टिकचा प्रकार सांगणारा त्रिकोणातला आकडा शोधेपर्यंत ताईंचा तो ढीग संपलेला असायचा. त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं ते पुढच्या सगळ्या निर्णयांच्या मुळाशी आहे. कागद प्लास्टिकच्या डब्यात पडला तर तो वेगळा करायला क्षणभर लागतो. पण कागदावर चहा सांडला, तेल लागलं, वर भात पडला, की तो माल गेला. तेलामुळे लगद्यातले धागे एकमेकांना नीट धरत नाहीत, म्हणून कागद गिरणीला तेलकट कागद नको असतो. ओल्या पुठ्ठ्याला भाव मिळत नाही, आणि दोन दिवस पिशवीत राहिला तर तो कुजतो.

कागदी कपाने तर सगळ्यांनाच फसवलं होतं. नाव कागदी, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर, त्याशिवाय गरम चहा त्यात टिकणारच नाही. तो थर सोडवून आतला कागद काढणाऱ्या गिरण्या मोजक्याच, त्यामुळे भंगाराच्या दुकानात कपाला किंमत शून्य. चिप्सच्या पाकिटाचंही तेच: प्लास्टिक आणि धातूचा मुलामा असे थर एकमेकांना चिकटलेले, ते सोडवणं परवडत नाही. मुलांनी हे दोन्ही जिन्नस अगदी प्रामाणिकपणे पुनर्वापराच्या डब्यात टाकले होते.

दुसरी गोष्ट संध्याकाळी कळली. मावशींकडे हातगाडी एकच आणि फाटकाजवळची कुंडीही एकच. तिन्ही डबे एकाच पोत्यात रिकामे होत होते. उशिरा थांबणाऱ्या मुलांनी हे रोज पाहिलं होतं, आणि ज्यांनी पाहिलं त्यांनी वेगळं टाकणं सोडून दिलं होतं. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय यंत्राचा होता. एक कंपनी सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून बाटल्या चुरणारं यंत्र द्यायला तयार होती. बाटली टाका, कूपन घ्या. प्राचार्य सरांना कल्पना आवडली, आणि प्रवेशद्वाराशी ठेवायला वस्तूही देखणी. पण ताडपत्रीवर एक गोष्ट लक्षात आली होती: रिकाम्या, स्वच्छ बाटल्या जवळजवळ नव्हत्याच. त्या आधीच कुणीतरी वेचून नेत होतं. जी वस्तू कचऱ्यात जातच नव्हती, तिच्यासाठी यंत्र बसवून वीज आणि दुरुस्तीचा खर्च अंगावर कशाला घ्यायचा? प्रस्ताव मागे पडला.

दुसरा पर्याय कार्यालयाच्या पसंतीचा होता. एक एजन्सी दरमहा ठरावीक रक्कम घेऊन सगळा कचरा एकत्र उचलणार आणि वर्षाअखेरीला प्रमाणपत्र देणार. डोक्याला ताप नाही. उपप्राचार्या मॅडमनी एकच प्रश्न विचारला: इथून उचललेला माल पुढे कुठे जातो, ते लिहून द्याल का? त्याचं उत्तर आलं नाही. शिवाय कचरा जागच्या जागी वेगळा करायची जबाबदारी नियमाने कॉलेजवरच आहे. ती पैसे देऊन दुसऱ्यावर ढकलता येत नाही.

तिसरा पर्याय मेहनतीचा. ओला आणि सुका असे दोनच प्रवाह ठेवायचे, आणि सुक्यातलं पुढचं वर्गीकरण आवारातच एका शेडमध्ये करायचं. यावर समितीत खरा मतभेद झाला. रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की महाविद्यालयात तरी मुलांनी प्लास्टिकचे प्रकार ओळखून टाकायला शिकावं, शिक्षण म्हणतात ते हेच. मुद्दा चुकीचा नव्हता. पण डब्यापाशी मूल जेमतेम दोन सेकंद थांबतं. त्या दोन सेकंदांत एकच गोष्ट मागता येते, आणि ती कोणती हे आपण ठरवायचं असतं. समितीने ठरवलं की मुलांकडून फक्त एवढंच मागायचं: सुकं सुकंच राहू द्या. प्लास्टिकचे प्रकार प्रयोगशाळेत शिकवू. तिथे त्या सहकाऱ्यांनीच नंतर एक सुंदर प्रयोग बसवला. बाटलीचे आणि झाकणाचे तुकडे पाण्यात टाकले की बाटलीचे बुडतात, झाकणाचे तरंगतात. कारखान्यातही ते असेच वेगळे होतात, म्हणून झाकण बाटलीवर राहिलं तरी फारसं बिघडत नाही. बाटली रिकामी असणं जास्त महत्त्वाचं.

भंगार कोणाचं?

या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णय हा होता, आणि तो विषयपत्रिकेवर नव्हताच.

समितीच्या मूळ योजनेत सुका माल विकून येणारे पैसे राष्ट्रीय सेवा योजनेच्या खात्यात जाणार होते. त्यातून झाडं लावायची. सगळ्यांना पटलं. दोन रंगांची पोती आली, त्यातली निळी सुक्या मालासाठी, शेड ठरली, काम सुरू झालं. सुरुवातीला ठीक चाललं. मग हळूहळू निळ्या पोत्यात पुन्हा ओलं सापडायला लागलं, पोती शेडपर्यंत पोचेनाशी झाली, पुठ्ठा नाहीसा व्हायला लागला. एका बैठकीत चोरी हा शब्दही उच्चारला गेला.

उलगडा केला तो ग्रंथालयाच्या शिपाई मामांनी. बाटल्या आणि पुठ्ठा इतकी वर्षं मावशीच वेचून विकत होत्या. ठेकेदाराचा पगार तुटपुंजा, तोही कधी वेळेवर, कधी नाही. या विक्रीतून भाजीचे, बसच्या पासाचे पैसे निघायचे. कुठल्याही वहीत नोंद नसलेली ही कमाई आम्ही पर्यावरणाच्या नावाने काढून घेतली होती, आणि वर त्याच बायकांना जास्तीचं वर्गीकरणाचं काम दिलं होतं. कॉलेजमध्ये पुनर्चक्रण आधीपासून चालूच होतं. ते मावशी करत होत्या.

मग तीन मार्ग चर्चेला आले. पैसे सेवा योजनेकडेच राहू द्यायचे आणि ठेकेदाराला पगार वाढवायला सांगायचं. किंवा निम्मे-निम्मे करायचे. किंवा सगळे मावशींना द्यायचे. पहिल्या मार्गात ठेकेदार पगार वाढवेल याची खात्री कुणीच देईना. निम्म्याचा हिशोब ठेवायचा म्हणजे आणखी एक वही आणि आणखी संशय. तिसऱ्याला कार्यालयीन अधीक्षकांची हरकत होती: कॉलेजची मालमत्ता अशी देता येत नाही, लेखापरीक्षणात अडचण येईल.

ही हरकत समितीने गांभीर्याने घेतली, आणि त्यातूनच वाट निघाली. कार्यालयाची रद्दी, डेडस्टॉक रजिस्टरवरचं (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीतलं) सामान, जुन्या उत्तरपत्रिका ही कॉलेजची मालमत्ता आहे. तिची विक्री दरपत्रकं मागवून, नियमानेच व्हायला हवी. पण विद्यार्थ्याने डब्यात टाकलेली बाटली कुठल्याच रजिस्टरवर नसते. ही रेषा लेखी आखली गेली. व्यवस्थापनाने ठराव केला की डब्यांतून येणारा रोजचा सुका माल आणि त्याचं उत्पन्न सफाई करणाऱ्या महिलांचं असेल, वर्गीकरणाचा वेळ ड्युटीत धरला जाईल, हातमोजे आणि शेड कॉलेज देईल. त्या दोन कचरावेचक ताई ठरलेल्या दिवशी येऊन माल वजनावर घेतील आणि मावशींच्या हातात चिठ्ठी आणि पैसे देतील.

माझ्या मते हा ठराव नसता तर बाकीचं काहीच टिकलं नसतं. सेवा योजनेच्या मुलांना थोडं वाईट वाटलं. झाडांसाठी पैसे दुसरीकडून मिळाले.

प्रत्यक्षात काय केलं

वर्गातले सुटे डबे काढले. जिन्याच्या प्रत्येक वळणावर हिरवा आणि निळा अशी जोडी ठेवली, एकटा डबा कुठेच नाही. एकटा डबा असला की त्यात सगळंच जातं. बाणांचं चिन्ह झाकून टाकलं आणि त्याजागी कॅन्टीनमध्ये खरोखर मिळणाऱ्या वस्तूच डब्यावर चिकटवल्या: रिकामी बाटली, चुरगळलेलं पाकीट, पुठ्ठ्याचा तुकडा निळ्यावर, हिरव्यावर केळ्याच्या सालीचा फोटो.

सगळ्यांत स्वस्त बदल सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. कॅन्टीनच्या दारात डब्यांच्या जोडीशेजारी एक झाकणाची बादली, तोंडावर गाळणी. उरलेला चहा, पाणी, ताक आधी तिच्यात ओतायचं, मग कप किंवा बाटली निळ्या डब्यात. कॅन्टीनवाल्या काकांनी पहिले काही दिवस स्वतः उभं राहून मुलांना बादली दाखवली. त्यांनी ते मनावर घेतलं नसतं तर बादली कोपऱ्यात कोरडीच राहिली असती.

कप मुळातूनच घालवायचे तर काचेचे ग्लास हवेत, आणि ग्लास म्हणजे धुणारा माणूस, पाणी, जागा. चालू कंत्राटात ते बसत नव्हतं. म्हणून बसून पिणाऱ्यांना ग्लास आणि घाईत नेणाऱ्यांना कप अशी तडजोड झाली, आणि पूर्ण बदल पुढच्या निविदेच्या अटींत लिहिला.

मावशींच्या गाडीला दोन वेगळ्या रंगांची पोती अडकवली आणि सुक्या मालासाठी जुन्या सायकल स्टँडचा पत्र्याखालचा भाग दिला. पावसाळ्यात पत्र्याशिवाय पुठ्ठा टिकत नाही, त्यामुळे शेड ही इथे चैन नव्हती. वाळका पाला पूर्वी कोपऱ्यात पेटवला जायचा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर बंदी घालून ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणात जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला, तरी सवय सुटली नव्हती. आता पाला जाळीच्या पिंजऱ्यांत जातो आणि कॅन्टीनच्या भाजीच्या देठांवर त्याचा थर पडतो. पाल्यामुळे ओल्याचा वास मारला जातो, आणि ओल्यामुळे पाला लवकर कुजतो.

उत्तरपत्रिका तुकडे करूनच रद्दीत द्यायच्या, हे परीक्षा विभागाने आधीच सांभाळलं होतं. बंद पडलेले संगणक मात्र वर्षानुवर्षं एका खोलीत साचले होते. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत, आणि असा माल नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच जायला हवा. पण खोली रिकामी व्हायला वेळ लागला तो वेगळ्याच कारणाने. रजिस्टरवरून प्रत्येक वस्तू निर्लेखित, म्हणजे अधिकृतपणे वजा होईपर्यंत ती हलवता येत नव्हती. फुटक्या ट्यूबलाइट त्याच खोलीत होत्या. त्यांत पारा असतो, म्हणून त्यांच्यासाठी पहिल्याच दिवशी वेगळी, झाकणाची पेटी केली.

काय झालं

निळ्या डब्यातला माल सत्र संपायच्या आत विकण्याजोगा झाला. ताई नियमित येतात, आणि त्याच या कामाच्या खऱ्या परीक्षक आहेत: त्यांनी पोतं नाकारलं की कुठल्या मजल्यावर काय बिघडलं ते त्याच दिवशी कळतं. मावशी आता मुलांना थांबवून सांगतात, "अरे, पाणी ओतून टाक रे." हे आमच्या कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त ऐकलं जातं.

सगळं जमलं असं नाही. वर्गातले डबे काढल्यावर बाकांच्या कप्प्यांत पाकिटं कोंबली जाऊ लागली, आणि दोन विभागांनी परस्पर डबे परत आणले. चिप्सच्या पाकिटांना आजही गिऱ्हाईक नाही. ती वेगळी साठवून पालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत जातात, आणि असा माल फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून संपतो. मुलांना हेच सांगितलं जातं: निळ्या डब्यात टाकलेलं सगळं पुन्हा वापरात येतं असं नाही.

स्नेहसंमेलनात मात्र सगळं कोसळलं. राज्यात २०१८ पासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आहे, म्हणून मुलांनी 'कागदी' ताटल्या आणल्या. त्या आतून चंदेरी मुलामा दिलेल्या. नियम पाळला असं वाटलं, आणि तरी दोन पोती भरून न विकला जाणारा माल उभा राहिला. पुढच्या वर्षी पत्रावळींची आणि स्टीलच्या भाड्याच्या ताटांची चौकशी खरेदीच्या आधीच झाली.

वेगळं काय करता आलं असतं

कचरा उघडून पाहणं डबे विकत घेण्याआधी व्हायला हवं होतं. तीन डब्यांच्या संचांचे पैसे वाचले असते, आणि त्यात शेडचा पत्रा सहज आला असता. मावशींना पहिल्याच बैठकीत बसवलं असतं, तर चोरीचा तो शब्द उच्चारायची वेळ आली नसती. त्याचा व्रण राहिला आहे. एका मावशींनी त्यानंतर बरेच दिवस शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

ठरावाबद्दल आणखी एक. तो व्यवस्थापनाच्या इतिवृत्तात होता, सफाईच्या कंत्राटात नव्हता. ठेकेदार बदलला तेव्हा नव्या सुपरवायझरने पहिल्याच आठवड्यात सुका माल आपल्या टेम्पोत भरला. तो थांबवायला उपप्राचार्या मॅडमना इतिवृत्ताची प्रत घेऊन शेडमध्ये उभं राहावं लागलं. आता ती अट कंत्राटाच्या मसुद्यात आहे. ज्यांना असं काही सुरू करायचंय त्यांनी ती पहिल्याच दिवशी घालावी.

दरवर्षी जूनमध्ये नवी मुलं येतात आणि बादलीपाशी पुन्हा कुणीतरी उभं राहावं लागतं. हे काम सेवा योजनेकडे आहे, पण सेवा योजनेची मुलंही दोन वर्षांत बदलतात. कॅन्टीनवाले काका आणि मावशी हेच टिकून राहणारे लोक, तेव्हा ओळखवर्गात पाच मिनिटं त्यांनाच बोलायला द्यावीत असा प्रस्ताव आहे. तो अजून मंजूर व्हायचा आहे.

आणि वसतिगृह. तिथले सॅनिटरी पॅड सुक्या कचऱ्यातून येत होते, आणि ते मावशींच्या हातांनी वेगळे होत होते. हे सगळ्यांत आधी थांबवायला हवं होतं, पण कुणी तोंड उघडून बोललं नाही म्हणून सगळ्यांत शेवटी हाती घेतलं गेलं. पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही पुण्यातल्या कचरावेचकांनीच पुढे आणलेली पद्धत वसतिगृहाच्या मुलींनी स्वतः लावून घेतली. स्वच्छतागृहांत झाकणाचे वेगळे डबे आले आहेत. ते उचलणाऱ्या मावशींसाठी जाड हातमोजे दर महिन्याला नवे मिळावेत, ही मागणी कार्यालयाच्या टेबलावर आहे, आणि तिचा पाठपुरावा आता मुलींची समिती करते आहे.